नव्या तोफा, जुनी टर्बाइन्स

१९३५ साली ब्रिटिश आरमाराने कॉव्हेंट्री आणि कर्ल्यू या दोन जुन्या क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, हाती घेतल्या आणि त्यांच्यावरच्या पाचही सहा इंची तोफा उतरवल्या. टॉर्पेडोच्या नळ्याही काढल्या. ज्या हत्यारांसाठी ही जहाजं बांधली होती, त्यांतलं मुख्य असं काहीच ठेवलं नाही. त्या जागी दहा चार इंची तोफा आल्या, ज्यांचं तोंड आकाशाकडे वळवता येत होतं, आणि जोडीला आठ-आठ नळ्यांच्या पॉम-पॉम, म्हणजे लहान गोळे भराभर सोडणाऱ्या तोफा. समोरून शत्रूची क्रूझर आली तर आता यांच्याकडून लढाईची अपेक्षा नव्हती. वरून विमान आलं तर मात्र जागा सोडायची नव्हती.

मला या निर्णयाबद्दल मनापासून आदर आहे. युद्धनौकांची आवड असलेली मंडळी हूड, बिस्मार्क, यामाटो यांच्यावर पानंच्या पानं लिहितात. या लहानशा, म्हाताऱ्या, दुसऱ्यांदा उभ्या केलेल्या जहाजांबद्दल मराठीत माझ्या वाचनात काही आलेलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

माझा धंदा जुन्या मशीनचा. ग्वाल्हेरजवळ मालनपूर आणि बानमोरला जे कारखाने आहेत, तिथल्या जुन्या लेथ आणि मिलिंग मशीनना नवा सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारा, कंट्रोल बसवून देतो. आमच्या भाषेत रेट्रोफिट. गिऱ्हाईक नेहमी पॅनल बघतं, स्क्रीन केवढी आहे ते विचारतं. मी आधी खाली वाकून बेड, म्हणजे मशीनचा पाया, बघतो, त्यावरच्या सरकत्या स्लाइड किती झिजल्यात ते हाताने चाचपतो. कारण कंट्रोल कितीही नवा आणा, झिजलेली स्लाइड तो सरळ करू शकत नाही. या क्रूझरची हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हेच डोक्यात आलं आणि तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

आता मूळ जहाज काय होतं ते सांगतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने 'सी' वर्गाच्या अठ्ठावीस क्रूझर बांधल्या. कॉव्हेंट्री, कर्ल्यू, क्युरासोआ १९१७ मध्ये पाण्यात उतरल्या. कैरो, कलकत्ता, कार्लाइल १९१८ मध्ये. वजन साधारण ४,२०० टन. लांबी १३७ मीटर, रुंदी मात्र जेमतेम १३ मीटर. म्हणजे सडपातळ, वेगवान, उत्तर समुद्रात मोठ्या ताफ्यापुढे धावून शत्रू शोधण्यासाठी घडवलेलं शरीर. नवी असताना वेग २९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५४ किलोमीटर. १९३५ पर्यंत नव्या क्रूझर त्यांच्या दुप्पट वजनाच्या झाल्या होत्या. समोरासमोरच्या लढाईत 'सी' वर्गाला आता काही स्थान उरलं नव्हतं, भंगाराचा रस्ता समोर दिसत होता.

त्याच सुमारास विमानांचं भय वाढत होतं. इटलीने अबिसीनियावर (आजच्या इथिओपियावर) हल्ला केला, भूमध्य समुद्रात इटालियन विमानदलाशी गाठ पडेल अशी चिन्हं दिसू लागली. नवी विमानवेधी जहाजं बांधायला वर्षं लागणार होती. जुने सांगाडे हाताशी होते, त्यांची टर्बाइन्स चालत होती. मग ठरलं, यांनाच नवं काम द्यायचं.

हे काम सहा इंची तोफेला का जमत नव्हतं? तिचा गोळा ४५ किलोचा. नळी फार वर उचलत नाही, भरायला वेळ लागतो, आणि तिचं सगळं गणित पाण्यावरच्या लक्ष्यासाठी मांडलेलं. विमानासाठी नळी जवळजवळ उभी व्हायला हवी, मिनिटाला बारा-पंधरा गोळे सुटायला हवेत. शिवाय गोळा विमानाला थेट लागत नाही, लागण्याची वाट बघून चालतच नाही. त्याच्या नाकात वेळेचा फ्यूज असतो. ठरलेल्या सेकंदाला तो हवेत फुटतो आणि तुकड्यांनी विमान जखमी होतं. म्हणून हलका गोळा, चपळ तोफ आणि अचूक वेळ, या तीन गोष्टी लागतात.

पहिल्या दोन जहाजांवर एकेक नळीच्या दहा तोफा बसवल्या होत्या. पुढे कैरो, कलकत्ता, कार्लाइल आणि क्युरासोआ यांची पाळी आली तेव्हा दुहेरी तोफा तयार झाल्या होत्या. चार ठिकाणी दोन-दोन नळ्या, एकूण आठ, आणि चार नळ्यांची एक पॉम-पॉम. आकड्यात बघितलं तर दहाच्या आठ झाल्या. तरी माझ्या मते दुसरी रचनाच खरी. १३ मीटर रुंदीच्या जहाजावर दहा ठिकाणी माणसं, गोळे पोचवायच्या वाटा आणि मोकळी फिरण्याची जागा करणं म्हणजे प्रत्येक तोफेने शेजारणीच्या अंगावर जायचं. चार जागी दोन-दोन नळ्या ठेवल्या की प्रत्येकीला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा मिळतो. नवी नळीही जास्त जोरकस होती. गोळा आणि काडतूस मिळून एक राऊंड सुमारे २९ किलोचा. तो हाताने उचलून, डुलत्या डेकवर, नळी आकाशाकडे वळलेली असताना आत ढकलायचा, आणि हे थांबायचं नाही. ही दुहेरी चार इंची तोफ पुढे ब्रिटिश आरमारात फार मानाची झाली. आपल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या सतलज, जमना, नर्बदा, गोदावरी या स्लूपांवरही, म्हणजे सोबतीच्या लहान युद्धनौकांवरही, तीच होती. म्हणजे कोकणातल्या, पंजाबातल्या पोरांनीही हे २९ किलो उचललेले आहेत.

माझी पुतणी इथे इंजिनिअरिंगला आहे. तिला हे सगळं सांगत होतो तर म्हणाली, "काका, मग झालं की काम! तोफा बदलल्या, नळी वर गेली, आता मारा विमानं." तिला कागद दिला आणि म्हटलं, हिशेब कर. विमान ताशी ३०० किलोमीटरने येतंय, आणि तुझ्या गोळ्याला तिथवर पोचायला आठ सेकंद लागतात असं धर. तिने केला. तेवढ्या वेळात विमान साडेसहाशे मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. "म्हणजे काका, जिथे विमान नाहीच तिथे मारायचं?" हो, तिथेच. आणि जिथे नाही ती जागा नेमकी कुठली, हे ठरवणारं यंत्र म्हणजे या जहाजांचा खरा प्राण.

ब्रिटिशांच्या त्या यंत्रणेचं नाव एचएसीएस, म्हणजे हाय अँगल कंट्रोल सिस्टिम. जहाजाच्या उंचावर डायरेक्टर असायचा, त्यात बसलेली माणसं दुर्बिणीतून विमान धरून ठेवत, अंतर मोजत. खाली टेबलावर यांत्रिक गणकात विमानाचा वेग, उंची, दिशा भरली जाई आणि तिथून तोफांना कोन आणि फ्यूजची वेळ कळवली जाई. पण सगळी मांडणी एका गृहीतावर होती: विमान एकाच उंचीवर, एकाच वेगाने, सरळ येईल. उंचावरून बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला हे लागू होतं. जर्मनांचं स्टुका, म्हणजे युंकर्स ८७, जवळजवळ उभं सूर मारून खाली यायचं. क्षणाक्षणाला उंची बदलते, वेग बदलतो. गणकात भरलेलं सारं तोपर्यंत शिळं होतं. मग उपाय एकच उरायचा: फ्यूज एका ठरावीक अंतराला लावून समोर स्फोटांचा पडदा उभा करायचा आणि वैमानिकाने त्यातून यायला कचरावं अशी आशा धरायची. त्या पडद्याने पुष्कळ बॉम्ब चुकवले, हे मान्य केलं पाहिजे. घाबरलेला वैमानिक लवकर बॉम्ब सोडतो. पण यंत्र म्हणून बघितलं तर तोफ पुढे गेली होती आणि डोकं मागे राहिलं होतं, याचं मला वाईट वाटतं. डोकं बदलणं अशक्य नव्हतं, ते पुढे दिल्ली नावाच्या क्रूझरच्या बाबतीत दिसेलच.

१९४० च्या वसंतात या जहाजांना नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये पाठवलं गेलं. दोन्ही बाजूंना उंच कडे, मध्ये अरुंद पाणी. विमान कड्यामागून निघालं की डोक्यावरच. कर्ल्यूवर १९३९ पासून रडार होतं, ब्रिटिश आरमारात रडार असलेल्या अगदी पहिल्या मोजक्या जहाजांत ती होती. पण डोंगरांचेच प्रतिध्वनी येणार तिथे रडारने काय शोधायचं? धावपट्टी बांधण्याचं काम चाललं होतं, तिच्या रक्षणासाठी कर्ल्यू थांबून राहिली आणि २६ मे १९४० रोजी बॉम्बहल्ल्यात बुडाली. वेगाने हलणं हाच ज्या जहाजाचा बचाव, त्याला अरुंद पाण्यात पहाऱ्यावर उभं करणं, हा दोष जहाजाचा नव्हता.

क्रीट या ग्रीक बेटाजवळचं मात्र मी जरा सविस्तर सांगणार आहे. १८ मे १९४१. क्रीटच्या दक्षिणेला 'आबा' नावाचं इस्पितळ-जहाज होतं, त्याच्यावर स्टुका तुटून पडली. कॉव्हेंट्री मदतीला धावली. विमानांनी मग तिच्यावर मशीनगन चालवल्या. वरच्या डायरेक्टरमध्ये पेटी ऑफिसर आल्फ्रेड सेफ्टन बसले होते. एक गोळी त्यांच्या शरीरातून आरपार जाऊन मागच्या खलाशाला लागली. सेफ्टन यांना जवळजवळ दिसेनासं झालं, वेदना असह्य होत्या, तरी हल्ला संपेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. त्यानंतर मागच्या जखमीला आधी खाली न्या असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी वर डायरेक्टरबद्दल, गृहीतांबद्दल, गणकाबद्दल एवढं लिहिलं. त्या सगळ्या यंत्रणेचं पहिलं टोक म्हणजे दुर्बिणीला डोळा लावून बसलेला एक माणूस होता, आणि त्याला कवच असं जवळपास काहीच नव्हतं.

दोनच आठवड्यांनी, १ जून १९४१ रोजी, जर्मनांच्या हाती पडलेल्या क्रीटहून शेवटचे सैनिक घेऊन येणाऱ्या जहाजांना सोबत करायला कॉव्हेंट्री आणि कलकत्ता अलेक्झांड्रियाहून निघाल्या. सूर्याच्या बाजूने दोन युंकर्स ८८ आली. कलकत्तावर बॉम्ब पडले आणि काही मिनिटांत ती गेली. कॉव्हेंट्रीने अडीचशेच्या वर माणसं पाण्यातून काढली. कॉव्हेंट्री स्वतः पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९४२ मध्ये, लिबियातल्या तोब्रुकवरच्या फसलेल्या मोहिमेत स्टुकांच्या हल्ल्यात पेटली आणि आपल्याच विनाशिकेला तिला बुडवावं लागलं.

कोणी म्हणेल, विमानं पाडायला नेमलेली जहाजं विमानांनीच बुडवली, मग उपयोग काय झाला? याला माझं उत्तर कार्लाइल आहे. २२ मार्च १९४२, सिर्टेच्या आखातात माल्टाकडे जाणारा चार मालवाहू जहाजांचा काफिला, आणि त्याच्यावर चाल करून आलेली लिटोरिओ ही इटालियन युद्धनौका. ॲडमिरल व्हिअन आपल्या नव्या क्रूझर आणि विनाशिका घेऊन लिटोरिओला अडवायला गेले. कार्लाइल मागे काफिल्याबरोबर थांबली, धुराचा पडदा टाकत, हवाई हल्ले झेलत. युद्धनौकेशी झुंजणं हे तिचं काम नव्हतं आणि तिला त्यात ओढलंही नाही. दोन्ही कामं वाटलेली होती म्हणून व्हिअन यांना पाठ वळवून जाता आलं. १९३५ सालच्या त्या निर्णयाचं फळ मला या एका दुपारी स्पष्ट दिसतं.

कैरोचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टाकडे निघालेल्या पेडेस्टल काफिल्यात ती होती. १२ तारखेला संध्याकाळी अक्झुम या इटालियन पाणबुडीने चार टॉर्पेडो सोडले आणि तीन जहाजांना लागले: नायजेरिया ही क्रूझर, कैरो आणि ओहायो हा तेलवाहू. लढाऊ विमानांना रेडिओवरून दिशा देण्याची सोय नायजेरिया आणि कैरोवरच होती. दोन्ही एका फटक्यात निकामी झाल्या आणि वर आलेली आपली विमानं आंधळी झाली. या जुन्या जहाजांचं मोल तोपर्यंत तोफांपेक्षा त्यांच्या रेडिओ आणि रडारच्या खोलीत जास्त झालं होतं.

आणि आता क्युरासोआ. हिच्याबद्दल लिहिताना मला राग येतो.

२ ऑक्टोबर १९४२. क्वीन मेरी हे ८१,००० टनांचं प्रवासी जहाज दहा हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक घेऊन स्कॉटलंडकडे येत होतं. आयर्लंडच्या उत्तरेला क्युरासोआ तिच्या सोबतीला आली, विमानांपासून रक्षण करण्यासाठी. क्वीन मेरी २८.५ नॉट वेगाने नागमोडी धावत होती, पाणबुड्यांना नेम धरता येऊ नये म्हणून. क्युरासोआचा जास्तीत जास्त वेग आता २५ नॉट. २९ नॉटचं ते जहाज पंचवीस वर्षांत चार नॉट हरवून बसलं होतं. तोफा नव्या, डायरेक्टर नवा, रडार नवं. बॉयलर आणि टर्बाइन मात्र १९१७ सालच्या सांगाड्यातली. ती बरोबर धावू शकत नव्हती, म्हणून तिने सरळ रेषा धरली आणि नागमोडी येणाऱ्या महाकाय जहाजाला मागून जवळ येऊ दिलं. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी मानलं की दुसरा वाट देईल. क्वीन मेरीने तिचे दोन तुकडे केले. सव्वातीनशेहून जास्त माणसं गेली, वाचली शंभरएक. पाणबुड्यांच्या भीतीमुळे क्वीन मेरीला थांबायची मनाई होती, ती थांबली नाही. युद्धानंतर खटला चालला आणि शेवटी दोष दोन तृतीयांश आरमारावर, एक तृतीयांश क्वीन मेरीवर असा वाटला गेला.

न्यायालयाने वाट कुणी द्यायची याचा विचार केला, ते त्याचं काम. माझी नजर त्या चार नॉटवर जाते. सोबत करणाऱ्याचा वेग सोबतीपेक्षा कमी असेल तर ती सोबत कसली? ज्याने हे जहाज त्या कामावर नेमलं त्याने तोफांची यादी वाचली असणार. माझ्याकडेही असे मालक येतात. झिजलेल्या स्लाइडवर नवा कंट्रोल चढवा, वरचा पैसा खर्च करायचा नाही म्हणतात. मी नाही म्हणतो आणि ते दुसरीकडे जातात. मशीनच्या बाबतीत फार तर माल बाद होतो.

हे वेगळ्या रीतीनेही करता येत होतं, आणि ते एका जहाजावर झालं. तिचं नाव दिल्ली. 'सी' वर्गाची थोरली बहीण म्हणावी अशा 'डी' वर्गातली ही क्रूझर, १९१८ मध्ये पाण्यात उतरलेली. १९४१ मध्ये तिला अमेरिकेत ब्रुकलिनच्या गोदीत पाठवलं. तिथे तिच्यावर पाच अमेरिकन पाच इंची तोफा चढवल्या आणि त्यांच्याबरोबर दोन मार्क ३७ डायरेक्टर. मी या डायरेक्टरचे आराखडे तासन् तास बघत बसतो. विमान कसं जाईल याचं गृहीत धरण्याऐवजी तो विमानाची बदलती गती सतत मोजतो. जायरो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकाचं यंत्र, जहाजाचं डुलणं हिशेबातून काढून टाकतो. खालचा यांत्रिक गणक पुढची जागा काढत राहतो आणि तोफा विजेच्या जोरावर आपणहून त्या दिशेला वळतात, माणसाने हँडल फिरवायची गरज नाही. गोळा २५ किलोचा. ब्रिटिश आरमारात विमानांसाठी याहून चांगली तोफखान्याची मांडणी कुठल्याच क्रूझरवर नव्हती, असं माझं ठाम मत आहे, आणि ती चढली होती पहिल्या महायुद्धातल्या सांगाड्यावर! अमेरिकेला स्वतःच्याच जहाजांसाठी या तोफा लागत होत्या, त्यामुळे 'डी' वर्गातल्या बाकीच्या जहाजांपर्यंत हा प्रयोग पोचला नाही. दिल्ली अल्जिअर्सला बॉम्ब खाऊन दुरुस्त झाली, सालेर्नो आणि आन्झिओच्या किनाऱ्यावर लढली, फेब्रुवारी १९४५ मध्ये युगोस्लाव्हियातल्या स्प्लिट बंदरात स्फोटकांच्या होडीने जखमी झाली, पण बुडाली नाही. १९४८ मध्ये ती भंगारात निघाली. त्याच वर्षी स्वतंत्र भारताने अकिलिस ही क्रूझर घेतली आणि तिला दिल्ली हेच नाव दिलं.

मी हे लिहितोय तेव्हा महाराजपूरच्या तळावरून मिराज उडाल्याचा आवाज घरापर्यंत येतोय. ग्वाल्हेरकरांना तो १९८५ पासून सवयीचा आहे. त्या विमानांनाही मध्यंतरी नवं रडार, नवी कॉकपिट, नवी क्षेपणास्त्रं मिळाली; ५१ विमानांचा करार २०११ मध्ये झाला होता. तिथे डोकं आणि डोळे आधी बदलले गेले, याचं मला एक तंत्रज्ञ म्हणून समाधान वाटतं.

जपान्यांनीही १९४४ मध्ये इसुझू या जुन्या हलक्या क्रूझरच्या तोफा काढून सहा १२७ मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा चढवल्या. ७ एप्रिल १९४५ रोजी तिला अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवलं, त्याच दिवशी यामाटो गेली. यामाटोच्या बातमीखाली इसुझू कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

ब्रिटनच्या कॅलेडॉन आणि कोलंबो यांचं रूपांतर उशिरा, १९४२-४३ मध्ये झालं. सहा चार इंची आणि लहान, भराभर मारणाऱ्या बोफोर्स तोफा मिळाल्या, आणि त्या दोघी युद्धातून सुखरूप परतल्या. त्यांच्या आधीच्या सहांपैकी पाच बुडाल्या होत्या. सहावी कार्लाइल ऑक्टोबर १९४३ मध्ये एजियन समुद्रात स्टुकांच्या बॉम्बनी एवढी मोडली की दुरुस्तीच्या पलीकडे गेली. उरलेले दिवस अलेक्झांड्रिया बंदरात नांगर टाकून काढले.

'सी' वर्गातलं एकच जहाज आज शिल्लक आहे: कॅरोलाइन, १९१४ ची, जटलंडच्या लढाईत होती, विमानवेधी रूपांतर हिच्या वाट्याला आलं नाही. बेलफास्टच्या गोदीत संग्रहालय म्हणून उभी आहे. बॉयलर कधीच काढून नेले, मूळ टर्बाइन्स अजून जागेवर आहेत. वाचणाऱ्यांपैकी कुणाची मुलं-नातवंडं त्या बाजूला असतील तर त्यांना माझ्यातर्फे विनंती करा. तोफांचे फोटो इंटरनेटवर पुष्कळ मिळतात. मला टर्बाइनच्या खोलीचे हवेत, जमलं तर बेअरिंगच्या बाजूने काढलेले, आणि शेजारी एखादा माणूस उभा असलेला, म्हणजे आकाराचा अंदाज येईल.